गुलालातलं हेलिकॉप्टर

बसल्या जागी त्याचा डावा हात मांडीशेजारून सावकाश वर यायचा. उजव्या हाताची दोन बोटं गुडघ्यांच्या मधे न दिसणारा दांडा धरायची आणि चपला काढलेले पाय जमिनीवर आळीपाळीनं दबायचे. वारूळवाडीत आमच्या घरासमोरच्या पारावर हे सुरू झालं की समजायचं, मेजर सुट्टीवर आलेत आणि हेलिकॉप्टर उडालं.

"बाई, येकच ध्यानात ठिवायचं," तो मला सांगायचा, "घट्ट धरायचं न्हाई."

जणू उद्यापासून शाळा सोडून ते मीच चालवणार होते!

आमच्याकडे फौजेत गेलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात. स्वयंपाकी असो की ड्रायव्हर, सुट्टीवर आला की मेजर. हा खराखुरा मेजर होता, लष्कराचं हेलिकॉप्टर चालवायचा, पण सगळेच मेजर म्हटल्यावर बिचाऱ्याला वेगळा मान असा काही मिळाला नाही. आम्ही एका वर्गात शिकलो. मी गावच्या शाळेत शिक्षिका झाले तेव्हापासून तोही मला बाईच म्हणू लागला. त्यात थट्टा किती आणि आदर किती, हे मला कधी कळलं नाही.

नव्वदच्या दशकात तो जुनं हेलिकॉप्टर चालवायचा. एकदा बर्फाच्या डोंगरात ते आदळलं. त्याच्या पाठीचं हाड दुखावलं आणि कित्येक महिने तो अंथरुणावर पडून होता. वडील आधीच गेलेले, हा एकुलता एक. त्याच्या आईनं, म्हणजे आमच्या आक्कांनी, तेव्हा त्याच्याकडून वचन घेतलं की यापुढे उडायचं की नाही ते त्या ठरवणार. त्यानंही दिलं. बरा झाल्यावर त्याला ऑफिसात खुर्ची मिळाली, आणि आक्का रात्री झोपू लागल्या.

मग दोन हजार साल उलटल्यावर आपल्याच देशात बनलेलं नवं हेलिकॉप्टर पलटणीत आलं. "नुसतं शिकायला जातो," असं आईला सांगून हा गेला, आणि परत आला तो तुम्ही पाहायला हवा होता! दाराशी बॅग टाकली, पाणीसुद्धा न पिता पारावर आला.

"राव, काय मशीन हाय! जुनीचा दांडा हालवायचा आन् वाट बघायची, ही कधी वळतीय. हिला नुसता इचार कळतोय. पयल्या दिवशी मी जुन्या सवयीनं दांडा दाबला, तर ही अशी उसळली की शिकवणारे सायेब शिव्याच घालाय लागले. तवापासनं दोन बोटांनी धरतो."

"आणि हादरे?" मी विचारलं.

"जुनीतनं उतरलं की जुन्नरच्या वडापच्या जीपमधनं आल्यावानी हाडं वाजायची. हिच्यात मांडीवर चा ठेव, सांडायचा न्हाई." हे सांगताना त्यानं खरंच चहाचा ग्लास मांडीवर ठेवला, हेलिकॉप्टर वर घ्यायला डावा हात उचलला, आणि चहा माझ्या साडीवर सांडला. पारावरचे सगळे हसले. आक्का तेवढ्या हसल्या नाहीत.

त्यांच्यापुढे आता प्रश्न होता. मुलाला एक तर नव्या हेलिकॉप्टरच्या पलटणीत जाता येणार होतं, नाहीतर पुण्याच्या ऑफिसात कायमचं बसता येणार होतं. त्यानं आईला स्पष्ट सांगितलं, "तू न्हाई म्हन, मी खुर्चीत बसतो. तोंड वाकडं करनार न्हाई."

"आपल्याकडं बनलंय म्हंतोस," आक्का म्हणाल्या. "नवं हाय. त्याचा सभाव कुनाला ठावं? बघू."

त्या 'बघू'वर तो परत गेला. निघताना नेहमीचंच झालं. नारायणगावच्या स्टँडवर तो एसटीत बसला की आक्का खिडकीचा गज धरायच्या, आणि गाडी हलली तरी सोडायच्या नाहीत. गाडीबरोबर चालत राहायच्या. कंडक्टर ओरडायचा, "आजी, गज सोडा!" मग कुणीतरी त्यांचा हात सोडवून घ्यायचं. बहुतेक वेळा मीच.

त्याच उन्हाळ्यात माजी सैनिकांचा मेळावा आमच्या गावात ठरला. मोठे साहेब हेलिकॉप्टरनं येणार, ते आमच्या शाळेच्या मैदानात उतरणार, आणि आक्कांनी तेवढ्या एका फेरीपुरती परवानगी दिल्यामुळे चालवणारा आपला मेजर! गावाला चढलेला उत्साह काय सांगू? निरोप साधा होता: मैदान मोकळं ठेवा, पाणी मारा. पण गावचा पोरगा आभाळातून येणार आणि गाव नुसतं पाणी मारणार? सकाळी मारलेलं पाणी उन्हानं वाळलं. त्यावर पांढऱ्या फक्कीचा हा मोठा गोल काढला. बायकांनी भोवती रांगोळी घातली. सरपंचांना ते फिकं वाटलं, म्हणून त्यांनी जत्रेतला उरलेला पोतंभर गुलाल मधोमध ओतून घेतला.

लेण्याद्रीच्या अंगानं आवाज आला. सगळं गाव कुंपणाला लागलं. आक्कांनी माझं मनगट पकडलं.

हेलिकॉप्टर द्राक्षाच्या मांडवांवरून आलं, मैदानावर थांबलं, खाली येऊ लागलं, आणि पुढच्याच क्षणी दिसेनासं झालं. फक्की, रांगोळी, गुलाल सगळं एकदम उठलं. मैदानात नुसता गुलाबी डोंगर! आत पंख्याचा आवाज, आणि बाकी काही नाही. त्याला जमीन दिसत नसणार, हे आम्हांलाही कळलं. आक्कांची नखं माझ्या मनगटात रुतली. मला रडू फुटायच्या बेतात होतं.

तेवढ्यात त्या गुलालातून हेलिकॉप्टर सरळ वर निघालं. डगमगलं नाही, तिरकं झालं नाही. शाळेच्या कौलांच्या बरंच वर जाऊन ते हवेत उभं राहिलं. आपल्याच वाऱ्यानं त्यानं खालचं मैदान झाडून काढलं, आमचा सगळा थाट कुंपणापलीकडे उडवून लावला, आणि मग इतक्या अलगद टेकलं की जमिनीला लागलं कधी ते समजलं नाही. लोकांनी असा गलका केला! मी शिक्षिका आहे हे विसरून शिट्टी मारली.

मेजर उतरला तो कोराकरकरीत. गाव मात्र नखशिखान्त गुलाबी, सरपंच सगळ्यात जास्त.

साहेब मंडपाकडे गेल्यावर आक्का त्याच्यापुढे उभ्या राहिल्या. केस, भुवया, लुगडं, सगळ्यावर गुलाल.

"दिसत नव्हतं तवा भ्या वाटलं का?"

"वाटलं," तो म्हणाला. "पन हिला वर म्हनलं, आन् आली. जुनीला आसल्या उन्हात दोनदा इनवावं लागायचं."

आक्कांनी हेलिकॉप्टरच्या दाराला हात लावला. पत्रा तापलेला होता, तरी बराच वेळ ठेवला. गुलालाचा पंजा उठला तिथे. तो पुसायला रुमाल घेऊन आलेल्या जवानाला मेजरनं मानेनंच नको म्हटलं.

तरी नव्या पलटणीला आक्का हो म्हणाल्या नाहीत. पुढच्या सुट्टीत त्यानं विचारलं नाही, त्यांनीही विषय काढला नाही. पारावर हेलिकॉप्टर उडालं, पण जरा गप्पगप्प. जायच्या दिवशी आम्ही स्टँडवर गेलो. टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेले टेम्पो वाट अडवून उभे होते. तो खिडकीशी बसला, आणि आक्कांनी सवयीप्रमाणे गज धरला. मी सोडवायला पुढे झाले, तर पाहिलं: मूठ नव्हती. दोनच बोटं होती.

कंडक्टरनं घंटी दिली. गाडी हलायच्या आधीच आक्कांनी ती बोटं उचलली आणि दोन पावलं मागे सरल्या.

तो त्यांच्याकडे बघतच राहिला. काय झालं ते त्याच्या ध्यानात आलं, तेव्हा त्याचा चेहरा शाळेतल्या पोरासारखा फुलला.

त्यानंतर तो फार थोडा घरी आला. नव्या पलटणीतून पुढे नव्या वैमानिकांना शिकवायला लांब गेला आणि तिकडचाच झाला. पार अजून आहे, तिथे आता मोबाइलवाले बसतात. मला तो आठवतो तो त्या खिडकीतला. एसटी स्टँडबाहेर वळत होती, आणि गजांमधून बाहेर आलेला त्याचा डावा हात सावकाश वर उचलला जात होता.