शेकाची पोटली आणि मोहरीएवढी बाहुली

मेडिकलवाल्यानं मला फसवलं आणि मी माझ्या बायकोला.

गोदाला हाडांचा कॅन्सर आहे. दुखणं सोसवेना म्हणून डॉक्टरांनी फेंटानिल पॅच लिहून दिला. म्हणजे अफूच्या जातीच्या कडक औषधाची पट्टी. कातडीला चिकटवली की औषध हळूहळू अंगात उतरतं.

मी येडशीचा, शेळ्यांचा व्यापारी. घासाघीस केल्याशिवाय मला करमत नाही. मेडिकलवाल्याला म्हणालो, "अख्खा बॉक्स कशाला? एक सुटी द्या." त्यानं दिली. सूचनांचा कागद बॉक्समध्येच राहिला आणि तो तोंडानंही काही बोलला नाही.

पट्टी पाठीवर लावली. गोदानं विचारलं, "वरनं शेकलं तर चालतंय का?"

"चालतंय. समदं इचारून आलोय," मी ठोकून दिलं.

दोन दिवस गरम मिठाच्या पोटलीनं शेकलं. दुसऱ्या दुपारी ती हाकेला उठेना. श्वास तर फारच सावकाश चाललेला. शेळी घेताना मी आधी डोळा बघतो. त्याच सवयीनं तिची पापणी वर केली. काळी बाहुली मोहरीएवढी. अंधाऱ्या खोलीतही तेवढीच.

तिला धाराशिवच्या दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टरबाईंनी डोळ्यात बॅटरी मारली. "पिनपॉइंट प्युपिल," त्या म्हणाल्या. टाचणीच्या टोकाएवढी बाहुली. पट्टी काढली, नॅलोक्सोनचं इंजेक्शन दिलं. ते या औषधाचा अंमल उतरवतं. थोड्या वेळात बाहुली मोठी झाली आणि गोदा कण्हली. ते कण्हणं ऐकून मला रडू फुटलं.

बाई म्हणाल्या, "शेकामुळं औषध भसकन अंगात गेलं. या औषधानं बाहुली आकसतेच, नुसत्या त्यानं घाबरू नका. पण माणूस जागं होत नसेल, श्वास मंदावला असेल, तर पट्टी काढा आणि लगेच दवाखाना गाठा." कातडीत मुरलेलं औषध उतरेपर्यंत तिला ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी कबूल केलं, "म्या इचारलंच नव्हतं."

गोदा म्हणाली, "शेळीचं दात बघता, डोळं बघता. माझ्या पट्टीचा कागद तेवढा बघवला न्हाय व्हय?" मग माझा हात ओढून गालाखाली घेतला.

घरी पट्टी असेल तर कागद मागून घ्या. शेकू नका.

मी माझं खोटं तिच्यापाशी कबूल केलं. आता मेडिकलवाल्यानं आमच्या घरी यावं, तिच्या खाटेपाशी बसावं आणि तिच्या डोळ्यांत बघून सांगावं, कागद का दिला नाही?