टेकडी कधी गप झाली

१९४८ सालच्या ऑक्टोबरात, एका मंगळवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी, पोस्टमन गैबी मुजावर कळंब्यात चिमणाबाईच्या सोप्यात बसून तिच्या मुलाचं पत्र मोठ्यानं वाचत होता. कृष्णात काश्मीरच्या लढाईवर होता. 'समोरची टेकडी आता गप हाय. अशीच राहिली तर मार्गशीर्षात रजा मिळंल.'

"राहील का रं?" चिमणाबाईनं विचारलं. संध्याकाळी कृष्णातच्या लग्नाचं ठरवायला बिद्रीचे पावणे येणार होते. मार्गशीर्षातली तारीख धरा, नाहीतर दुसरं स्थळ बघतो, असा त्यांचा निरोप होता.

शेजारचे केरबा पेन्शनीतले हवालदार. ते म्हणाले, "न राहून जाती कुठं? आदल्या पत्रात काय हुतं? तीन दिस तोफा डागल्या, टेकडीवरचं गाव बेचिराख केलं. असं ठोकलं की गप बसत्यात."

"आण्णा, आदलं ते न्हवं. टेकडीवरनं गोळ्या येत्यात, रजा बंद, ते आदलं," गैबी म्हणाला.

चिमणाबाईनं खुंटीवरची तार काढून दिली. पत्रं ती तारेला खोवायची आणि पाकिटं चुलीत घालायची. शिक्का पाकिटावर, आणि कृष्णात आत तारीख लिहीत नसे. परवा सारवताना दोन्ही जुनी पत्रं खाली पडली. हाताला आली तशी तिनं परत खोवली होती.

दोन्ही गैबीनंच वाचली होती, पण रोज आठ-दहा घरांत तो असंच वाचायचा. त्यानं ती मांडीवर मांडली. गोळ्या आधी, तोफा नंतर: मग केरबांचं खरं. उलटी ठेवली. तोफा आधी, गोळ्या नंतर: मग गाव जाळूनही टेकडी पुन्हा उठली होती. दोन्हीकडून जुळत होतं.

"आण्णा, तुम्ही वझिरीस्तानात गेलता न्हवं?"

"तीनदा. एकच गाव तीनदा जाळलं."

"मग तीनदा का जावं लागलं?"

केरबा म्हणाले, "मधी चार-चार वरसं गप बसली की!"

आता तर गैबीला काहीच कळेना.

"तुमची लढाई ऱ्हाऊ द्या," चिमणाबाई म्हणाली. "पावण्यांस्नी काय सांगू?"

गैबीनं पत्रं परत तारेला खोवली. शेवटी तीच म्हणाली, "थांबा म्हनून सांगते. थांबलं तर थांबलं. तू कार्ड लिही. तोफा आधी का गोळ्या? आन् तारीख घालत जा म्हनावं."

गैबीनं कार्ड लिहिलं, वर तारीख घातली. उत्तराला तीन आठवडे तरी लागणार होते. कळंब्याची टपालपेटी आज उघडून झाली होती; आता ती उद्या सकाळी साडेनऊला उघडणार होती. तिच्या पाटीवर तसं लिहिलेलं होतं.