बारावी अपिअर्ड बिल्डिंग

सुकलाल नाना काल गेले. ज्या शेठने त्यांना साइटवरून हाकललं, त्यानेच आज सगळ्यात आधी 'ग्रीन परिवार' ग्रुपवर त्यांचा फोटो टाकला.

हिरवी फ्रेम. कोपऱ्यात प्रोजेक्टचा लोगो. खाली 'भावपुर्ण श्रध्दांजली', आणि त्याच्याखाली बुकिंगचा नंबर.

दोन शब्द, दोन्ही चुकलेले. 'पूर्ण'मधला पू दीर्घ असतो, शेठ. 'श्रद्धा'मध्ये द आधी, ध नंतर.

नंबर मात्र बरोबर आहे.

कमेंटमध्ये कोणीतरी लिहिलंय, 'ग्रीन परिवाराचा आधारवड कोसळला.' त्या प्लॉटवर खरा वड होता. तो तुम्ही पार्किंगसाठी तोडलात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नाना धुळ्याकडचे गवंडी, बोलणं अहिराणी. गेली कित्येक वर्षं जळगावातच काम करायचे. मी डीटीपी ऑपरेटर. आमचं घर पत्र्याचं. मे महिन्यात दुपारी आई ओला टॉवेल डोक्यावर घेऊन दारात बसून राहायची, कारण आत बसवायचं नाही. तिला थंड घर द्यायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

म्हणून मी शेठच्या त्या 'ग्रीन होम'च्या नादी लागलो.

सेल्सवाला म्हणाला, "सर, ग्रीन सर्टिफाईड आहे. एसी लागणारच नाही."

हे तो एसीत बसून सांगत होता. अंगात जॅकेट होतं.

मी संशयी माणूस. टेप आणि थर्मामीटर घेऊन साइटवर चकरा मारायचो. कामगार हसायचे. नाना हसले नाहीत. एका रविवारी म्हणाले, "काय मोजस रे भाऊ?"

"नाना, भिंत तापते का बघतोय."

"पश्चिमले एवढी काच. मे महिनामा आठे मानूसनं भरीत व्हई जाई."

मग मला गच्चीवर नेलं. पावसाचं पाणी जिरवायचा पाइप दाखवला. "बादली वत." मी पाण्याची बादली ओतली. आम्ही खाली आलो. पाणी रस्त्याकडेच्या गटारीत पडत होतं.

"नाना, जिरवायचा खड्डा?"

"कागदवर शे."

मी खिशातून ब्रोशर काढलं आणि वाचून दाखवलं. शुद्धलेखन बघायची सवय म्हणून प्रत्येक शब्द आधीच तपासलेला होता, पण अर्थ तेव्हा पहिल्यांदा बघितला. मोठ्या अक्षरांत 'ग्रीन होम्स'. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत 'ग्रीन रेटिंगसाठी नोंदणीकृत'.

नानांनी विचारलं, "तू कितवी शिकेल शे?"

मी बारावीला दोनदा बसलो. दोन्हीदा गणित राहिलं. फॉर्मवर मी 'बारावी अपिअर्ड' लिहितो. तेच सांगितलं.

नाना पहिल्यांदा हसले. "म्हंजे फॉर्म भरा, पास नही व्हयना. हाई बिल्डिंगबी तुन्हागतच अपिअर्ड शे!"

मला राग आला होता. पण आजवर मला ग्रीन सर्टिफिकेट इतकं स्वच्छ कोणी समजावलं नाही.

तुमच्यापैकी कोणी बुकिंग करणार असेल तर हे वाचा. नोंदणी म्हणजे फक्त फॉर्म भरला. नकाशे बघून मिळतं ते तात्पुरतं. इमारत उभी राहिल्यावर, तपासणी होऊन मिळतं तेच खरं. बांधकाम चालू असेल तर हे शेवटचं मिळालेलंच नसतं, कोणी कितीही शपथा घेवोत. तयार फ्लॅट घेताना तो कागद मागा. त्यावर तुमच्याच इमारतीचं नाव आहे का ते बघा.

आणि गच्चीवर एक बादली पाणी न्या.

मी तसं विचारायला ऑफिसात गेलो. शेठ स्वतः होता. "नोंदणीकृत आणि प्रमाणित यात फरक आहे ना, साहेब?"

शेठ सेल्सवाल्याकडे बघून हसला. "बघ रे, आता टायपिंगवाले आपल्याला शिकवणार." मग हसणं थांबवून माझ्याकडे वळला. "कोणी सांगितलं तुला?"

मी घाबरलो. माझ्या तोंडून गेलं, "नाना म्हणाले."

मीही दोनच शब्द बोललो. शेठच्या दोन शब्दांपेक्षा माझेच जास्त चुकीचे होते.

दुसऱ्या दिवसापासून नाना साइटवर नव्हते. मी त्यांच्या घरी गेलो. तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "बरं झायं. माले ती पश्चिमनी भीत बांधनीच नव्हती." आणि मग, "तुन्ही मायले दुपारले झोप लागस का?"

मी नाही म्हणालो. आठवडाभरात ते आमच्याकडे आले. पत्र्याला वरून पांढऱ्या चुन्याचे दोन हात दिले. भिंतीत उंचावर समोरासमोर झरोके पाडले. पश्चिमेच्या बाजूला मांडव बांधून गिलक्याचा वेल चढवला. आईला म्हणाले, "अक्का, याले रोज पानी दे. तो तुले सावली दी."

थर्मामीटरचा आकडा लिहीत नाही. माझ्याकडे सर्टिफिकेट नाही. आई दुपारी घरात झोपते, एवढं लिहितो.

फ्लॅट मी घेतला नाही. शेठ, तुमच्या ग्रीन परिवारातून माझं नाव कमी करा. नानांचंही करा. त्यांना तुम्हीच काढलं होतं, आता फ्रेममध्ये परत घेऊ नका.

नाना, तुमचं नाव मीच सांगितलं होतं. तुम्हाला माहीत होतं, तरी कधी विचारलं नाहीत. मीही कधी कबूल केलं नाही. आज सगळ्यांसमोर करतो.

आज आई दुपारी झोपली नाही. वेलाला पाणी घालत बसली.

भावपूर्ण श्रद्धांजली, नाना.

दोन्ही शब्द तीनदा तपासलेत.