न दुखणारा पाय
आमच्या सासूबाई, लीलावती, म्हणजे विलायतेतल्या आमच्या एजवेअरमधली चालतीबोलती लढाई. शाळेच्या कॅन्टीनमध्ये जेवण वाढायच्या तेही दटावून. एकदा पर्स ओढणाऱ्याला त्यांनी भर रस्त्यात छत्रीनं असा झोडला की पोलिसांनी आधी त्याचीच विचारपूस केली. माझ्याशी तर रोजची खडाजंगी. मीही काही गरीब गाय नाही.

त्यांच्या टाचेला जुनी जखम होती. "बूट चावला," म्हणायच्या, मोजे कधी काढायच्या नाहीत. या हिवाळ्यात मोज्यातून घाण वास यायला लागला, तेव्हा मी आणि माझा नवरा पुष्कर, आम्ही त्यांना अक्षरशः ओढत हॉस्पिटलमध्ये नेलं. तिथे सगळंच बाहेर आलं. लहानपणी त्यांना कुष्ठरोग झाला होता. औषधांनी बरा झाला, पण पाय बधिर झाला तो झालाच. त्यावरची जखम वर्षानुवर्षं भरली नाही आणि आता तिच्यातच कॅन्सर झाला होता. फार क्वचित होतो म्हणे. पाय गुडघ्याखाली कापला तर वाचतील, डॉक्टर म्हणाली. नाहीतर नाही.

घरी येताच सासूबाई स्वयंपाकघरात कडाडल्या, "दुखत नाही त्याला कॅन्सर म्हणतात होय? मेले डॉक्टर!"

पुष्कर समजवायला गेला तर त्यांनी कढई भिरकावली. त्याच्या कपाळातून रक्त आलं.

"लंगडी झाले की लोक विचारतील. काय सांगू? महारोगी होते?"

आणि त्यांनी उकळती केटल उचलून स्वतःच्याच पायावर ओतली. कातडी लालबुंद होऊन सुटली. त्या हसत होत्या. "बघ! दुखतंय का मला?"

माझं डोकंच फिरलं. मी फाडकन त्यांच्या थोबाडीत मारली. सासूच्या!

सासूबाई गाल धरून माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता सुरी येते अंगावर.

"आजार कळल्यावर माझी आई मारायची ना," त्या म्हणाल्या, "ती लांबून, काठीनं. हात नाही लावला गं तिनं. मरेपर्यंत नाही."

मला स्वतःची लाज वाटली आणि त्या न बघितलेल्या बाईचा भयंकर राग आला. पुष्कर कपाळाला टॉवेल दाबून अ‍ॅम्ब्युलन्स बोलावत होता. मी खाली बसले, त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि त्यावर गार पाणी ओतायला लागले.

"सोड मंजिरी, घाण आहे तो."

"गप्प बसा!" मी खेकसले.

त्यांनी पाय ओढून घेतला नाही. मग माझ्या खांद्याचा आधार घेत म्हणाल्या, "त्या डॉक्टरला सांग. कापा म्हणावं."