रविवारी खानावळ बंद

आज सकाळी माझ्या चुलतसासूशी माझं कडाक्याचं भांडण झालं. अजून डोकं शांत नाही, म्हणून इथं लिहितेय.

उमरग्याला हायवेवर माझी खानावळ आहे. रविवारी गिऱ्हाईक जास्त, त्यामुळं कित्येक महिने चर्चच्या उपासनेला गेले नव्हते. नव्वदी ओलांडलेल्या काकी आज धुतलेलं लुगडं नेसून दारात आल्या. "चल, मला चर्चला ने."

"रिक्षा बोलावते. मला वेळ न्हाय, काकी."

"येळ न्हाय? निजामाच्या काळात पाटील रविवारीच आमाला येठबिगारीला धरायचा. प्रार्थनेला गेला म्हणून माझ्या बापाला चावडीपुढं मारलं. तरी पुढच्या रविवारी त्यो गेलाच. तुला कुणी बांधून ठिवलंय?"

"तुमच्या बापाला सगळ्यांचा स्वयंपाक करावा लागत नव्हता," मी तोडून बोलले.

काकी काठी टेकत एकट्याच निघाल्या. शेजारून ट्रक धडधडत जात होते. मी चरफडत गॅस बंद केला, खानावळीला कुलूप लावलं आणि त्यांना गाठलं.

चर्चमध्येही मी रागातच बसले. गीत सुरू झालं. लहानपणापासून पाठ असलेल्या त्या गीताचे शब्दच मला आठवेनात. तेव्हा मात्र रडू फुटलं. पाळक प्रार्थना करत होते आणि मी कितीतरी दिवसांनी प्रभूशी मनातलं बोलत होते. उठले तेव्हा छाती हलकी झाली होती.

काकी अजून बोलत नाहीत. मीही नमतं घेतलेलं नाही. पण यापुढं रविवारी सकाळी खानावळ बंद राहील. गिऱ्हाइकांनी खुशाल नावं ठेवावीत.

तुम्ही प्रभूशी शेवटचं कधी बोललात?