वर्तककाका सांगायचे ती माझ्या ज्युरी ड्यूटीची गोष्ट

वर्तककाका तुम्हाला सगळ्यांना माझी जी गोष्ट सांगायचे, ती खोटी आहे.

काका रविवारी गेले. परवाच्या शोकसभेत तीन जणांनी तीच गोष्ट सांगितली. मी मागे चहाचे कप लावत राहिले.

ज्यांना काका माहीत नाहीत त्यांच्यासाठी: इथे अमेरिकेत, अल्फारेटातले आमचे शेजारी, रिटायर्ड स्ट्रक्चरल इंजिनिअर. रिटायर झाल्यावर लोक गोल्फ खेळतात, नातवंडं सांभाळतात. काकांनी ज्युरीचे, म्हणजे खटल्याचा निकाल देणाऱ्या साध्या नागरिकांचे, हक्क हा विषय घेतला आणि आम्हा सगळ्यांना वैताग आणला.

देवळाच्या पार्किंगमध्ये पत्रकं वाटायचे. पॉटलकच्या जेवणात प्लेट घेऊन शेजारी बसले की संपलं. भाजी गार होईपर्यंत सुटका नाही.

"जज कायदा सांगेल, आणि बरोबरच सांगेल. पण तुला गिल्टी म्हणायला कोणी भाग पाडू शकत नाही. नॉट गिल्टी म्हटलंस म्हणून कोणी शिक्षा करू शकत नाही. कारणसुद्धा विचारत नाहीत."

मी एकदा चिडून म्हटलं, "काका, याच हक्काने इथल्या गोऱ्या ज्युरींनी काळ्या माणसांना मारणारे लोक सोडलेत. तेही सांगा ना."

"सांगतो की. म्हणून तर तो हक्क फक्त तसल्या लोकांच्या हातात ठेवायचा नसतो."

यांच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं.

मग मलाच ज्युरीचं समन्स आलं. बाकी सगळ्यांनी ड्यूटी कशी टाळायची ते सांगितलं. काकांनी इस्त्री केलेला कोट घालून जायला सांगितलं.

केस अगदी छोटी होती, म्हणून ज्युरीत आम्ही सहाच जण. आरोपी एक बाई, आजारी लोकांची घरी जाऊन देखभाल करणारी. तिच्या गाडीत गांजाची एक लहान पुडी सापडली होती.

ती म्हणाली, "हो, माझीच आहे. मी सांभाळते त्या आजोबांना कॅन्सर आहे. त्यांना काही खायला जात नव्हतं. याने दोन घास जायचे."

जजने आम्हाला सांगितलं, आजोबांचं विसरा. फक्त पुडी होती की नव्हती, ते बघा.

पुडी होती.

आत खोलीत पाच जणांचं दहा मिनिटांत ठरलं, गिल्टी. पण निकालाला सहाही जणांचं एकमत लागतं. कोणीही वाईट नव्हतं. आमची फोरपर्सन, म्हणजे ज्युरीची प्रमुख, तर गोड होती, रिटायर्ड टीचर. माझ्याकडे वळून म्हणाली, "हनी, तुझं काय?"

मला काकांचा शब्द न् शब्द पाठ होता. घड्याळात साडेचार वाजले होते. मुलीचं डेकेअर सहाला बंद होतं आणि हायवेला ट्रॅफिक असणार होता.

मी म्हटलं, "गिल्टी."

एवढ्यावर थांबलं नाही. बाहेर कोर्टात आल्यावर जजने एकेकाला विचारलं, हा तुमचा स्वतःचा निर्णय आहे का? म्हणजे मला दुसरा चान्ससुद्धा मिळाला. ती बाई माझ्याकडे बघत होती.

मी "येस, युअर ऑनर" म्हटलं. चांगलं खणखणीत.

पुढे तिचं काय झालं, मला माहीत नाही. असा रेकॉर्ड असलेल्या बाईला आजारी माणसाजवळ कोण ठेवतं? त्या आजोबांना नंतर कोण भरवत होतं, तेही माहीत नाही.

घरी आले तर काका ड्राइव्हवेमध्ये उभे. "काय झालं गं?"

खरं सांगितलं असतं तर तासभर लेक्चर झालं असतं. मुलगी मागच्या सीटवर रडत होती, मी दमले होते. मी म्हटलं, "सुटली, काका."

लेक्चर टाळायला बोललेला एक शब्द. बाकीचं सगळं बांधकाम काकांचं. "आमची शर्वरी एकटी, समोर पाच जण! दोन तास हटली नाही!" कुठले दोन तास, काका? तुम्हाला कोणी सांगितलं?

तीन वर्षं हे ऐकलं. शेवटी हॉस्पिटलमध्ये नर्सलासुद्धा सांगत होते. मी ज्यूसचा ग्लास धरून शेजारी उभी. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. पण नर्स बीपी घेत होती, म्हणून नाही बोलले. कारणांना मला कधीच तोटा नसतो.

आणि परवा शोकसभेनंतर काकांचा भाचा निखिल पार्किंगमध्ये गाठून म्हणाला, "ताई, पुढच्या आठवड्यात मला ज्युरी ड्यूटी आहे. तू कसं केलंस यार, एकटीने?"

मी त्याला म्हटलं, नंतर बोलू.

तर निखिल, हे वाच. मी काहीही केलं नाही. तिथे कोणी तुझ्यावर ओरडणार नाही, धमकावणार नाही. फक्त पाच दमलेली, चांगली माणसं तुझ्याकडे बघतील आणि तुला घरी जायचं असेल. मी तेवढ्यानेच पडले. काकांनी तुला जे सांगितलं ते सगळं खरं आहे, फक्त माझं उदाहरण सोडून.

वर्तककाका, ती सुटली नाही. मी तिला सोडवू शकत होते, आणि सोडवलं नाही.

हे तुमच्या समोर बसून सांगायचं होतं. तुम्ही चिडला असतात, लेक्चर दिलं असतंत, मी ऐकलं असतं.

येते काका. नमस्कार.