मिटल्या डोळ्यांचा फोटो

माझं कुणी खरं मानतच नाय. चौथी शिकलेली बाई, हिला फोटोतलं काय कळतं! पण गुलमंडीत भरतभाऊच्या स्टुडिओत वीस वर्षं मी लोकांचे केस विंचरते, कॉलरी सरळ करते. किस्से धुळीसारखे साचतात. रोज झाडा, रोज नवे!

*

स्टुडिओत कोट एकच, तोही ढगळ. मागून मी चिमटे लावते. उस्मानपुऱ्यापर्यंत कुणाच्याही घरी भिंतीवरचा फोटो बघा, माणूस वेगळा, कोट आमचा! एक नवरदेव तर कोट अंगात, पाठीला चिमटे तसेच घेऊन घरी गेला.

*

एका आईनं पोरीचा फोटो स्थळासाठी काढला. "अजून गोरी करा, अजून!" भरतभाऊनं केली.

पाहुणे आले. पोरीनंच चहा दिला. चहा पिऊन म्हणतात, "आता मुलीला बोलवा!"

*

रहीमचाचाला पासपोर्टचा फोटो पाहिजे होता. भरतभाऊ ओरडतोय, "चाचा, हसू नका!" चाचा हसतोच.

"क्या करूं? बेटी के घर जा रहा हूं!"

तीन फोटो वाया. शेवटी मी दरडावलं, "फॉर्म रिजेक्ट होईल!" तेव्हा कुठं तोंड मिटलं. भरतभाऊनं पहिले तीन फेकले, मी उचलून ड्रॉवरात ठेवले. पुढं चाचाची लेक आली, तिनं ते हसरे तेवढेच नेले. भरतभाऊ म्हणतो, फोटो लायटिंगनं भारी होतो. म्हणू दे!

*

पिशोर गावची एक आजी आली. नवरा गेलेला, फोटो एकच, लग्नातल्या घोळक्यातला. त्यात त्याचे डोळे मिटलेले, तोंडभर हसू. भिंतीवर लावायला मोठा करायचा होता.

"खाली नाव काय टाकू?" भरतभाऊनं विचारलं.

"म्या नाय घेत त्यांचं नाव. आजवर नाय घेतलं. लेकाला फोन करा."

लेकाचा फोन बंद. नावाची जागा कोरी सोडली.

मी म्हणलं, "भाऊ, डोळ्यांना हात लावू नको." ऐकतोय कशाला! कॉम्प्युटरवर दुसऱ्या कुणाचे तरी उघडे डोळे बसवले.

आठ दिवसांनी आजीनं फ्रेम बघितली. "माणूस चांगला दिसतोय. पण ह्याला आमच्या घरात कशाला लावू?"

भरतभाऊचा चेहरा उतरला. मी गुपचूप तिचा जुना फोटो मोठा करून फ्रेममधी बसवून घेतला होता, तो पुढं केला. आजीनं फ्रेम जवळ ओढली. मग काचेवर बोट आपटलं.

"फोटोवाला घसा फोडून सांगत होता, डोळे उघडे ठेवा. माझ्याकडं बघून हसत बसले! सगळा फोटो नासवला!"

"कुणी नासवला, आजी?" मी विचारलं.

तिनं पदर तोंडाला लावला.

"ह्या रंगनाथानं!"